हे कशाचे चित्र आहे?

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी कल्याणला मामांकडे गेलो होतो. तेथून ओळीने तीन दिवस मुंबईला जाऊन काळा घोडा भागातील चित्रप्रदर्शने पाहिली. परत आल्यावर मोसम पुलावर मित्र भेटले. मुंबईत काय पाहिलेस, असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, "चित्रे पाहिली." "कशाची?" या साध्या प्रश्नाचे उत्तर मला देता येईना. देवाची नाहीत, माणसांची नाहीत, झाडांची किंवा डोंगरांचीही नाहीत. मी म्हणालो, "कशाचीच नाहीत. नुसते रंग." यावर सगळे हसले आणि मीही हसलो. परंतु घरी आल्यावर आपण त्या चित्रांवर आणि आपल्या स्वतःवरही अन्याय केला असे वाटू लागले. मित्रांना तेव्हा जे सांगता आले नाही ते नीट सांगावे, एवढ्यासाठीच हा लेख लिहीत आहे.

मी चित्रकलेचा विद्यार्थी नाही. शाळेतील एलिमेंटरी परीक्षेपलीकडे माझा या कलेशी संबंध आला नाही. त्यामुळे येथे मी जाणकार म्हणून काही सांगत नाही. पहिल्यांदाच पाहणाऱ्याला जे अडले आणि पुढे जे थोडेफार उलगडले, तेवढेच मांडतो.

अमूर्त म्हणजे काय?

ज्या चित्रात ओळखू येईल अशी वस्तू, व्यक्ती किंवा देखावा नसतो त्याला आपण अमूर्त चित्र म्हणतो. हा शब्द थोडा फसवा आहे. अमूर्त म्हणजे ज्याला आकार नाही ते. पण या चित्रांत आकार असतात, रंग असतात आणि रंगाचा जाड-पातळ थरही असतो. तेथे नसते ती फक्त नक्कल.

या चित्रांचे ढोबळ मानाने दोन प्रकार करता येतात. पहिल्या प्रकारात चित्रकार खऱ्या वस्तूपासून निघतो आणि तिच्यातील एकेक गोष्ट गाळत जातो. हॉलंडचा चित्रकार पीट मोंद्रियान याने १९०८ ते १९१२ च्या सुमारास झाडांची अनेक चित्रे काढली. ती क्रमाने पाहिली तर आधी स्पष्ट झाड दिसते, पुढे फक्त फांद्यांची वळणे राहतात आणि शेवटी रेषांची एक वीण उरते. झाड नेमके कोठे संपले हे सांगता येत नाही. दुसऱ्या प्रकारात चित्रकार वस्तूपासून निघतच नाही. रशियाच्या काझिमीर मालेविचने १९१५ साली पेत्रोग्राद येथील प्रदर्शनात पांढऱ्या पार्श्वभूमीवर एक काळा चौकोन मांडला. तो त्याने भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात टांगला होता. रशियन घरांत त्या कोपऱ्यात देवाची प्रतिमा लावण्याची रीत होती. आपल्या देव्हाऱ्यात कोणी नुसता काळा चौकोन ठेवला तर घरात काय होईल याची कल्पना केली, म्हणजे त्या वेळच्या लोकांना किती धक्का बसला असेल ते समजते.

या वाटेवरचा आणखी एक मोठा चित्रकार म्हणजे वासिली कांदिन्स्की. १८९६ साली मॉस्कोच्या एका प्रदर्शनात त्याने फ्रान्सच्या मोनेचे गवताच्या गंजीचे चित्र पाहिले. ते कशाचे आहे हे त्याला ओळखू आले नाही आणि त्याचा त्याला संकोच वाटला. पण ते चित्र त्याच्या मनातून जाईना. पुढे ज्या माणसाने अमूर्त चित्रकलेवर ग्रंथ लिहिला, त्याचीही सुरुवात 'हे कशाचे चित्र आहे?' या अडचणीपासूनच झाली होती. हे वाचले तेव्हा मला मोठा धीर आला.

महाराष्ट्रातील अमूर्त चित्रकार

हे सगळे परदेशी खूळ आहे असे काहींना वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. भारतातील अमूर्त चित्रकलेचा मोठा भाग मुंबईत घडला आणि त्यात मराठी मुलखातील माणसे पुढे होती.

वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांचा जन्म नागपूरचा, घराणे मूळ गोव्याचे आणि वाढ गिरगावातील चाळीत. १९४८ साली त्यांनी जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका घेतली. सुरुवातीला त्यांनी जुन्या भारतीय लघुचित्रांचा अभ्यास केला आणि माणसांची चित्रेही काढली. पुढे माणसे गेली आणि रंग व अवकाश उरला. स्वतःच्या चित्रांना ते अमूर्त म्हणत नसत. वस्तुनिरपेक्ष, म्हणजे ज्याचा वस्तूशी संबंधच नाही, या अर्थाचा शब्द त्यांना पसंत होता. रूळ आणि रंग लावण्याची पाती वापरून ते रंगाचे थर देत, काही भाग खरवडून काढत आणि पुन्हा थर देत. वर्षभरात मोजकीच चित्रे पुरी होत. १९७१ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले.

सय्यद हैदर रझा (१९२२–२०१६) हे मध्य प्रदेशातील मंडला भागातले. नागपूर आणि मुंबई येथे शिकून ते १९५० साली पॅरिसला गेले. त्यांच्या चित्रांतला काळा बिंदू प्रसिद्ध आहे. त्याचे मूळ ते आपल्या लहानपणच्या शाळेत सांगत. वर्गात मन लागत नसलेल्या या मुलाला मास्तरांनी भिंतीवर एक ठिपका काढून दिला आणि त्याच्याकडे पाहत बसायला सांगितले. खेड्यातील प्राथमिक शाळेच्या भिंतीवरचा तो ठिपका पुढे जगभरच्या संग्रहालयांत गेला.

मालेगावच्या वाचकाला मात्र प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांच्याविषयी मुद्दाम सांगितले पाहिजे. त्यांचा जन्म अलिबागजवळच्या नागावचा. त्यांची सगळीच चित्रे अमूर्त म्हणता येणार नाहीत. घड्याळ, पान, शिंपला अशा वस्तू त्यांत येतात, पण त्या आपले नेहमीचे काम सोडून कोऱ्या अवकाशात तरंगत असतात. 'कोरा कॅनव्हास' हे त्यांचे मराठी पुस्तक १९९० साली निघाले. हे बरवे जे. जे. मधून बाहेर पडल्यावर १९६१ साली सरकारच्या विणकर सेवा केंद्रात नोकरीला लागले आणि काही वर्षे वाराणसीला होते. मागावर उतरवायची नक्षी तयार करणे हे तेथले काम होते. अकोल्यात जन्मलेले आणि पुढे नॉर्वेत स्थायिक झालेले अमूर्त चित्रकार अंबादास खोब्रागडे हेही काही काळ हातमागाच्याच कामात होते. आपल्या गावातील कित्येक मोमीन विणकर कुटुंबांचे पूर्वज १८५७ नंतर उत्तरेकडून येथे आले. तिकडच्याच विणकरांसाठी, अलिबागकडचा एक तरुण चित्रकार साठ वर्षांपूर्वी कागदावर चौकोन आणि रेषा मांडत होता. तेव्हा माग आणि अमूर्त चित्र यांची गाठ मी ओढूनताणून घालीत नाही. ती या माणसांच्या आयुष्यातच पडलेली आहे.

दाराशी

आता प्रदर्शनाविषयी. काळा घोडा येथील जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ साली सुरू झाली. सर कावसजी जहांगीर यांनी आपल्या दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ तिच्यासाठी देणगी दिली. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरून चालत गेले तर वीस-पंचवीस मिनिटे लागतात. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. तेथील दालने चित्रकार भाड्याने घेतात. एकेक प्रदर्शन साधारण आठवडाभर असते आणि बहुधा चित्रकार स्वतः तेथे बसलेला असतो. बाहेरच्या पदपथावरही चित्रकार आपली चित्रे मांडून बसतात. जवळच राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. १९११ साली बांधलेल्या जुन्या सभागृहात ते १९९६ पासून भरते. तेथे तिकीट लागते आणि सोमवारी ते बंद असते. समोरच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात २०११ साली जहांगीर निकल्सन यांच्या आधुनिक चित्रसंग्रहासाठी दालन सुरू झाले. निकल्सन हे कापसाच्या व्यापारातले गृहस्थ होते, हेही आपल्या गावाने लक्षात ठेवण्याजोगे आहे.

चित्रप्रदर्शनांचा खरा हंगाम थंडीचा असतो. मे महिन्यात गर्दी कमी असते आणि आपल्यासारख्याला ते सोयीचे पडते. मालेगावात पारा चाळीसच्या वर गेलेला असताना मुंबईचा दमट उकाडा काही कमी त्रासाचा नसतो. दुपारी दालनात शिरले की बरे वाटते. अनेक लोक केवळ सावलीसाठी आत येतात आणि चित्रांवरून नजर फिरवून बाहेर पडतात. पहिल्या दिवशी मीही त्यांतलाच होतो. एका तासात चार दालने 'पाहिली' आणि बाहेर येऊन लिंबू सरबत प्यालो. आता त्यांतले एकही चित्र आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी एका खाजगी दालनाच्या काचेच्या दारापाशी मी थांबलो. आतून एकाने दार थोडे उघडून विचारले, "काय काम आहे?" मी म्हणालो, "चित्रे पाहायची आहेत." त्याने माझ्या चपलांकडे पाहिले आणि दार उघडले, पण मी आत असेपर्यंत तो माझ्या मागे मागे राहिला. चित्राकडे पाहायचे की त्याच्याकडे, हे मला कळेना. पाच मिनिटांत मी बाहेर पडलो. हे लिहिण्याचे कारण तक्रार करणे हे नाही. अमूर्त चित्र आपल्याला कळत नाही असे आपण म्हणतो तेव्हा त्यातला बराच भाग चित्राचा नसतो. तो त्या दाराचा असतो. आपण येथले नाही, आपल्याला काही विचारले तर हसे होईल, या भीतीने डोळे कामच करीत नाहीत. ज्यांच्या घरात आधी कोणी कॉलेजात गेलेले नाही त्यांना ही भीती चांगली ओळखीची आहे. पहिल्या वर्षी ग्रंथालयाच्या दाराशीही ती वाटली होतीच.

कसे पाहावे?

तिसऱ्या दिवशी मी ठरवले की एकच प्रदर्शन पाहायचे. जहांगीरमधल्या एका दालनात वयस्कर चित्रकार टेबलाशी बसले होते. एका मोठ्या चित्रासमोर मी उभा राहिलो. वर राखाडी, खाली मातकट पिवळा, असे ते होते. थोड्या वेळाने मी धीर करून विचारले, "सर, याचा अर्थ काय?" ते म्हणाले, "किती वेळ पाहिलंस?" मी म्हणालो, "दोन मिनिटं असतील." ते म्हणाले, "मला हे करायला चार महिने लागले. तू अर्धा तास तरी दे. मग अर्थाचं बोलू." ते रागावले नव्हते. त्यांनी मला बसायला स्टूल दिले.

त्या अर्ध्या तासात जे लक्षात आले ते क्रमाने सांगतो. ज्यांना पुढे कधी जायचे असेल त्यांना उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट म्हणजे चित्राखालची पट्टी आधी वाचू नये. नाव वाचले की आपण ते चित्रात शोधत बसतो. दुसरी, चित्र तीन अंतरांवरून पाहावे. दालनाच्या दुसऱ्या टोकावरून पाहिले की त्याचे वजन कोणत्या बाजूला आहे ते कळते. चार-पाच पावलांवरून रंगांचे आपसातले नाते कळते आणि हातभर अंतरावरून ते कसे केले आहे ते दिसते. दुरून जो सपाट राखाडी वाटत होता त्यात जवळून निळा होता, थोडा तांबडा होता आणि एका जागी पात्याने खरवडलेले होते. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. 'हे काय आहे?' असे विचारण्याआधी 'हे कसे झाले आहे?' असे विचारावे. कोणता रंग आधी लागला? कडा धारदार आहे की विरत गेली आहे? नजर कोठून आत शिरते आणि कोठे थांबते? या प्रश्नांना उत्तरे असतात आणि ती शोधायला पुस्तकी ज्ञान लागत नाही. चौथी, एका चित्रावरून मत बनवू नये. त्याच चित्रकाराची दहा चित्रे पाहिली की तो कशाच्या मागे आहे ते हळूहळू दिसते. त्यानंतर आवडलेल्या एका चित्राकडे परत यावे.

असे पाहताना मला जाणवले की हे काम आपल्याला अगदीच परके नाही. माझे वडील यंत्रमागाच्या कारखान्यात कापड तपासण्याचे काम करतात. तागा टेबलावरून सरकत असतो आणि त्यांची नजर त्यावर असते. सुटलेला धागा, गाठ, तेलाचा डाग, कमीजास्त झालेली वीण हे सगळे त्यांना क्षणात दिसते. कापडात ते कशाचेही चित्र शोधत नाहीत. ताणा आणि बाणा कसा बसला आहे एवढेच पाहतात. लुगड्याचा काठ पाहून बायका 'रंग उठून दिसतो' किंवा 'काठ जड झाला' असे म्हणतात. तो काठ कशाचा आहे असे कोणी विचारीत नाही. मशिदीच्या जाळीतील चौकोन-षटकोनांना किंवा रागाच्या आलापालाही आपण हा प्रश्न विचारीत नाही. मग चौकटीत बसवलेल्या रंगालाच तो का विचारतो?

अर्थात कापड आणि चित्र एकच, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. कापड अंगावर घालायचे असते आणि त्याचे माप, भाव, घाई सगळे ठरलेले असते. मागावर एकच नक्षी हजार वार निघते. चित्रकाराला मात्र पुढचा फटकारा कोठे द्यायचा हे प्रत्येक वेळी नव्याने ठरवावे लागते, आणि तो चुकला तर दोष यंत्रावर ढकलता येत नाही. कापड पाहणारा दोष शोधतो, चित्र पाहणाऱ्याने निवड शोधावी. एवढा फरक ध्यानात ठेवला तर डोळ्यांची सवय दोन्हीकडे उपयोगी पडते.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा की 'असे कोणीही काढील.' यावर मी घरी प्रयोग केला. जुन्या कॅलेंडरच्या मागे दोन रंग घेऊन बसलो. पहिली पाच मिनिटे मजा वाटली. मग कोठे थांबावे तेच कळेना. आणखी थोडा, आणखी थोडा करीत सगळा कागद चिखलाच्या रंगाचा झाला. कोणीही सुरुवात करील हे खरे, पण योग्य जागी थांबणे कठीण आहे. तरीही प्रत्येक अमूर्त चित्र चांगले असते असे मी म्हणणार नाही. मी पाहिलेल्यांपैकी काही चित्रे नुसती शोभेची होती. एक पाहिले की पुढची सगळी पाहिल्यासारखी वाटत होती. चांगले चित्र दुसऱ्यांदा पाहताना काही नवीन दाखवते. ही कसोटी कच्ची असेल, पण सध्या माझ्याजवळ तेवढीच आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. २०२१ साली गायतोंडे यांचे १९६१ मधील एक चित्र लिलावात ३९ कोटी ९८ लाख रुपयांना गेले. असे आकडे वाचले की ही श्रीमंतांची कला आहे, आपला तिच्याशी काय संबंध, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ती रक्कम गायतोंडे यांना मिळाली नाही. ते २००१ सालीच वारले होते. विकत घेणे ही श्रीमंतांची गोष्ट असेल, पाहणे ही नाही. जहांगीरच्या दालनात मी अर्धा तास स्टुलावर बसलो त्याचे कोणी पैसे मागितले नाहीत. फुकट मिळणारी गोष्ट आपणच 'आपली नाही' म्हणून सोडून दिली, तर तो तोटा आपला आहे.

समारोप

त्या प्रदर्शनाचे छापील पत्रक मी घरी आणले होते. त्यावर त्याच राखाडी-पिवळ्या चित्राची लहान प्रत होती. वडील रात्रपाळीवरून आले तेव्हा ते चहाबरोबर पाहत बसले. मी काही बोललो नाही. त्यांनी पत्रक डोळ्यांजवळ नेले, थोडे तिरके धरले आणि म्हणाले, "याच्या खाली तांबडा आहे. वरून राखाडी दिलाय, पण कडेला तांबडा राहिलाय. मुद्दाम ठेवलाय." ज्या गोष्टीला मला अर्धा तास लागला होता ती त्यांना मिनिटभरात दिसली. मग त्यांनी विचारले, "केवढ्याला आहे?" मी सांगितले. ते हसले आणि म्हणाले, "बघायला बरं आहे."

अमूर्त चित्रकला समजते असे मी आजही म्हणणार नाही. पण 'मला कळत नाही' या वाक्याने पूर्वी माझे पाहणे संपत असे. आता तेथून ते सुरू होते. आपल्या कॉलेजातील ज्या मित्रांचे सुट्टीत मुंबईला जाणे होईल त्यांनी समुद्र जरूर पाहावा. त्यातला एक तास काढून काळा घोड्याला जावे, दारात कोणी 'काय काम आहे?' असे विचारलेच तर 'चित्रे पाहायची आहेत' असे सरळ सांगावे आणि एकाच चित्रासमोर बसावे. परत आल्यावर ते कशाचे चित्र होते असे मी विचारणार नाही. त्यात काय दिसले, एवढेच विचारीन.